उंदरांचं पुढे काय झालं?

२०२५ च्या जानेवारीत उदगीर शहरात कावळे मरून पडायला लागले. थोड्याच दिवसांत आकडा पन्नासच्या आसपास गेला. मेलेला कावळा दिसणं आपल्याकडे कुणालाच रुचत नाही. पिंडाला शिवणारा पक्षी तो. त्याच्या मरणाला लोक नुसतं मरण समजत नाहीत. नमुने पुण्याला गेले, तिथून भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत गेले आणि उत्तर आलं: एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लू. दहा किलोमीटरचा परिसर सतर्कता क्षेत्र म्हणून जाहीर झाला. लगोलग नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यातल्या किवळ्याला कोंबडीच्या पिल्लांत बर्ड फ्लू सापडला. चार वर्षांपूर्वीच्या जानेवारीतही अहमदपूर तालुक्यातली केंद्रेवाडी आणि परभणीजवळचं मुरुंबा ही नावं याच आजारामुळे वर्तमानपत्रांत आली होती.

उदगीरचे कावळे मरत होते तेव्हा या विषाणूविरुद्धची एक एमआरएनए लस बनून, फेरेट नावाच्या, साधारण मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्याला टोचूनही झाली होती. अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी तो प्रयोग २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. लस दिलेले फेरेट नंतर विषाणू देऊनही जगले, न दिलेले मेले. उदगीरचा कावळा आणि पेन्सिल्व्हेनियाचा फेरेट यांच्यामध्ये जे काही घडतं, त्याबद्दलचं हे छोटं पुस्तक आहे.

पुस्तकाचं मूळ मात्र एका प्रश्नात आहे. २०२१ च्या उन्हाळ्यात माझे वर्ग मोबाइलवर चालू होते. बारावीच्या एका मुलीनं विचारलं, "सर, लस आधी उंदरांना दिली मनतात. मग त्या उंदरांचं पुढं काय झालं?" लातूर पॅटर्नमध्ये तयार झालेल्या मुलांना आरएनएचं पूर्ण नाव झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं, पण असा प्रश्न कुठल्याच प्रश्नसंचात नसतो. मी म्हणालो, "ते निरोगी राहिले," आणि पुढच्या मुद्द्याकडे वळलो. उत्तर अर्धं होतं, म्हणजे चुकीचंच होतं. लस लागू पडलेले उंदीरही शेवटी मारले जातात. फुफ्फुस उघडून, त्याची पातळ चकती काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय आजार आतपर्यंत पोचला की नाही हे नक्की कळत नाही. नीट उत्तर द्यायला मला चार वर्षं लागली. ती मुलगी आता कुठल्या कॉलेजात आहे कुणास ठाऊक.

त्याच उन्हाळ्यात गावोगावच्या लसीकरण केंद्रांवर दुसरं एक वाक्य ऐकू येत होतं. "आमच्यावर प्रयोग करायलेत. आम्ही काय उंदीर हाव का?" शहाणी माणसं या वाक्याला हसली. मला ते हसणं पटलं नाही. भारतात ३ जानेवारी २०२१ ला कोव्हॅक्सिनला परवानगी मिळाली ती 'वैद्यकीय चाचणीच्या स्वरूपात' अशा शब्दांत. तिसऱ्या टप्प्याचे निकाल यायचे होते आणि सुरुवातीला ही लस घेणाऱ्यांना संमतीपत्रावर सही करावी लागत होती. तेव्हा शंका घेणारा माणूस अडाणी नव्हता. मात्र त्या वाक्यात एक गोष्ट निसटली होती. उंदरांना कुणी सही मागत नाही. माणसाला 'नको' म्हणता येतं, आणि हा त्याचा हक्क टिकावा म्हणून त्याच्याआधी कुणातरी मुक्या जिवाला लस टोचावी लागते. ही सोय न्याय्य आहे की नाही, यावर वाचकानं स्वतः विचार करावा. माझं मत पुढे येईलच.

आधी एमआरएनए म्हणजे काय ते सांगून टाकतो, कारण त्याशिवाय प्राण्यांवर नेमकं काय तपासायचं ते कळणार नाही. शेतीचं मूळ दप्तर तहसीलच्या कपाटात असतं. गावात त्यातली एखादी गोष्ट कळवायची तर कोतवाल दवंडी देतो. लोक ऐकतात, कामाला लागतात आणि दवंडी हवेत विरून जाते. दवंडीनं कुणाचा सातबारा बदलत नाही. पेशीतला डीएनए हे कपाटातलं दप्तर आणि एमआरएनए ही दवंडी. लशीतून बाहेरची एक दवंडी पेशीत पोचवतात: विषाणूच्या अंगावरचं अमुक एक प्रथिन बनवा. पेशी ते बनवते, शरीराची पहारेकरी यंत्रणा त्याला परकं म्हणून ओळखते आणि खरा विषाणू आला तर काय करायचं याची तयारी करून ठेवते. विषाणू स्वतः लशीत नसतोच.

सांगायला सोपं आहे, पण ही दवंडी शरीरात पोचवायला तीस वर्षं लागली आणि त्या प्रत्येक वर्षी कुठेतरी उंदीर होते. १९९० मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या शास्त्रज्ञांनी नुसता एमआरएनए उंदराच्या स्नायूत टोचला आणि स्नायूनं त्याप्रमाणे प्रथिन बनवलं. १९९३ मध्ये फ्रान्समध्ये फ्लूच्या विषाणूतला असाच निरोप चरबीच्या थेंबात गुंडाळून उंदरांना दिला. उंदरांची प्रतिकारशक्ती जागी झाली. अडचण अशी होती की बाहेरून आलेला आरएनए दिसला की शरीर खवळतं, दाह होतो आणि निरोप वाचण्याआधीच फाडला जातो. कॅटलिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांनी त्या निरोपातलं युरिडिन हे एक अक्षर थोडं बदललं आणि दाह आटोक्यात आला. त्यांचा तो निबंध २००५ चा आणि त्याबद्दलचं नोबेल २०२३ चं. २०१२ मध्ये जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी फ्लूच्या एमआरएनए लशी उंदीर, फेरेट आणि डुकरं अशा तिघांवर तपासल्या होत्या. म्हणून 'एका वर्षात लस कशी काय आली?' असं कुणी विचारलं तर मी म्हणतो, शेवटची तेवढी पायरी एका वर्षात चढली. जिना आधीचा होता.

आता प्राणी. माळेगावच्या जत्रेत ज्यानं बैल पारखलाय त्याला हा भाग कुठल्याही पदवीधरापेक्षा लवकर कळेल. (माळेगावही लोहा तालुक्यातच, किवळ्यासारखं.) जनावर कामाप्रमाणे निवडायचं असतं; देवणी, लाल कंधारी आणि रस्त्यावरचा मोकाट गोऱ्हा यांची किंमत एक होत नाही. प्रयोगशाळेतले उंदीरही जातिवंत असतात. सख्ख्या भावंडांचा संकर वीस आणि त्याहून जास्त पिढ्या करत गेलं की सगळे उंदीर जवळजवळ एकसारखे निघतात. मग एकाला लस दिली, दुसऱ्याला नाही आणि फरक दिसला तर तो लशीचाच असतो, रक्ताचा नसतो. आपल्या पैदासकारांना जी शुद्धता दाखवायला आवडते तीच इथे टोकाला नेलेली असते.

पण करोनाच्या बाबतीत या जातिवंत उंदरानं पहिल्याच दिवशी हात वर केले. २०२० मध्ये आलेला मूळ विषाणू त्याला लागतच नव्हता. विषाणू पेशीत शिरतो तो एसीई२ नावाच्या दारातून, आणि उंदराच्या दाराची कडी वेगळी आहे. ज्याला रोग होतच नाही त्याच्यावर लस तपासून काय कळणार? प्रतिपिंडं तयार झाली एवढं कळतं, त्यांनी वाचवलं का ते कळत नाही. सुदैवानं जुन्या सार्सच्या वेळी अमेरिकेत आयोवा विद्यापीठात माणसाचं दार बसवलेला उंदीर तयार करून ठेवला होता. २००७ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली होती. मधल्या काळात त्याला फार मागणी नव्हती. २०२० मध्ये जगभरच्या प्रयोगशाळा त्याच्यासाठी रांगेत उभ्या राहिल्या.

दुसरा प्राणी हॅम्स्टर. त्याला विषाणू लागतो, त्याचं वजन उतरतं, फुफ्फुसांना सूज येते आणि तो काही दिवसांत सावरतोही. म्हणजे बऱ्याच माणसांसारखंच. या सोनेरी हॅम्स्टरची कथा गमतीची आहे. १९३० मध्ये सीरियातल्या अलेप्पोजवळच्या शेतात बीळ खणून एक मादी आणि तिची पिल्लं पकडली गेली. जगभरच्या प्रयोगशाळांत आज जे हॅम्स्टर आहेत त्यांतले बहुतेक त्या एका बिळाचे वारस आहेत. फेरेटची कथा त्याहून मजेची. १९३३ मध्ये लंडनच्या शास्त्रज्ञांना फ्लूचा विषाणू फेरेटमध्ये वाढवता आला. पुढे एका फेरेटची शिंक थेट विल्सन स्मिथ या शास्त्रज्ञाच्या तोंडावर आली आणि स्मिथ यांना फ्लू झाला. त्यांच्या घशातून काढलेला विषाणू त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांनी डब्ल्यूएस म्हणून ओळखला जातो. फेरेट माणसासारखा शिंकतो, म्हणून फ्लूच्या कामात त्याला आजही मान आहे.

जाता जाता भाषेबद्दल थोडं. इंग्रजीत माऊस आणि रॅट हे दोन वेगळे प्राणी आहेत आणि प्रयोगशाळेत त्यांची कामंही वेगळी आहेत. मराठीत दोन्ही उंदीरच. घूस आणि चिचुंद्री हे शब्द आहेत, पण ते भलत्याच प्राण्यांचे. या पुस्तकात मी छोट्याला उंदीर आणि मोठ्याला रॅट म्हटलंय. हॅम्स्टर आणि फेरेट जसेच्या तसे ठेवले. मराठी नाव घडवून लोकांना कोड्यात टाकण्यात अर्थ नाही.

लस दिलेल्या उंदराचं काय करतात? ठरावीक दिवसांनी रक्त काढतात आणि त्यातली प्रतिपिंडं विषाणूला अडवतात का ते पाहतात. पुढच्या पायरीला शास्त्रज्ञ 'चॅलेंज' म्हणतात: प्राण्याच्या नाकात मुद्दाम विषाणू सोडायचा. हे काम साध्या खोलीत होत नाही. हवाही गाळून बाहेर सोडणारी बंदिस्त प्रयोगशाळा लागते. मग रोज वजन, नाकातला आणि घशातला विषाणू, आणि शेवटी फुफ्फुसं. रॅटचं काम निराळं. त्याला विषाणू देत नाहीत. लशीचे वारंवार डोस देऊन यकृत, मूत्रपिंड, रक्त आणि टोचलेली जागा यांचं काय होतं ते पाहतात. लस शरीरात कुठे कुठे जाते हे बघायची एक युक्ती मला फार आवडली. काजव्याच्या अंगात उजेड पाडणारं जे प्रथिन असतं त्याचा निरोप एमआरएनएमध्ये घालून उंदराला टोचतात. ज्या पेशी तो वाचतात त्या कॅमेऱ्यात चमकतात. फायझरच्या लशीच्या तपासणीत हा उजेड टोचलेल्या जागी आणि थोडा यकृतात दिसला. यकृतातला दोन दिवसांत विझला आणि टोचलेल्या जागेवरचा नवव्या दिवसापर्यंत गेला. 'लस अंगात कायमची राहते' असं म्हणणाऱ्याला हाच उंदीर दाखवावा.

आता माकडं. मॉडर्नाच्या लशीचा माकडांवरचा अभ्यास जुलै २०२० च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. चोवीस ऱ्हीसस माकडं, आठ-आठचे तीन गट: एकाला १० मायक्रोग्रॅम, एकाला १००, एकाला काहीच नाही. चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस आणि मग विषाणू. दुसऱ्या दिवशी फुफ्फुसं धुऊन पाहिली तर लस दिलेल्या दोन्ही गटांत आठपैकी सात माकडांत विषाणूची वाढ सापडली नाही. वाचताना एक तारीख लक्षात ठेवावी: माणसांवरची पहिली चाचणी १६ मार्चलाच सुरू झाली होती आणि तिसरा टप्पा २७ जुलैला. म्हणजे प्राणी आधी, माणूस नंतर हा क्रम २०२० मध्ये सरळ राहिला नाही. दोन्ही कामं शेजारी शेजारी चालली. साथीत ते समजण्यासारखं आहे. लपवण्यासारखं मुळीच नव्हतं, आणि तरी बहुतेक बातम्यांनी ते सांगितलं नाही.

महाराष्ट्रातली माकडांची गोष्ट एमआरएनएची नाही, कोव्हॅक्सिनची आहे. म्हणजे मारलेल्या विषाणूपासून बनवलेल्या जुन्या पद्धतीच्या लशीची. तरी ती इथे सांगतोय, कारण ती आपल्या मातीत घडली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला तरुण ऱ्हीसस माकडं हवी होती. प्रयोगासाठी खास वाढवलेली माकडं देशात मिळेनात. एकेकाळी याच देशातून पोलिओच्या संशोधनासाठी जहाजं भरून माकडं परदेशी गेली होती. १९७८ मध्ये भारतानं ती निर्यात कायमची बंद केली. आता घरच्याच कामाला माकड सापडेना. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे तेव्हाचे महासंचालक बलराम भार्गव यांनी 'गोइंग व्हायरल' या पुस्तकात हा शोध सांगितला आहे. टाळेबंदीमुळे रस्त्यांवर आणि देवळांत खायला घालणारी माणसं उरली नाहीत आणि माकडं रानात खोल शिरली. वन विभागाला मदतीला घेऊन कितीतरी चौरस किलोमीटर रान धुंडाळलं तेव्हा कुठे नागपूरच्या बाजूला ती सापडली.

आपल्याकडच्या वाचकाला इथे एक खुलासा हवा. देवळावर बसणारं काळ्या तोंडाचं वानर वेगळं आणि माकड वेगळं. माकडांतही उत्तरेकडचं ऱ्हीसस आणि दक्षिणेकडचं टोपीमाकड अशा दोन जाती. त्यांची हद्द ढोबळमानानं आपल्या गोदावरीच्या आसपास येते. तेव्हा पुण्याची माणसं माकड शोधत नागपूरकडे का गेली याचं उत्तर नकाशातही आहे.

वीस माकडं, पाच-पाचचे चार गट. तीन गटांना लशीचे वेगवेगळे प्रकार, चौथ्याला नुसतं औषधाविना पाणी म्हणता येईल असं काहीतरी. पहिल्या दिवशी एक डोस, चौदा दिवसांनी दुसरा, आणखी चौदा दिवसांनी नाकावाटे आणि श्वासनलिकेतून विषाणू. चौथ्या गटातल्या माकडांच्या फुफ्फुसांत न्यूमोनिया दिसला. लस मिळालेल्यांच्या फुफ्फुसांत दिसला नाही. २०२१ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढे कोट्यवधी माणसांनी ती लस घेतली. त्या वीस माकडांना कुणी नावं दिली नव्हती.

भारताची स्वतःची एमआरएनए लस बनली तीही पुण्यातच, हिंजवडीच्या जेनोव्हा कंपनीत, केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीनं. सुरुवातीला तिचं नाव एचजीसीओ१९ होतं. सोबत सिॲटलची एचडीटी बायोटेक ही कंपनी होती. या लशीची दवंडी निराळी: ऐकणाऱ्यानं तीच दवंडी पुन्हा पुन्हा द्यायची, म्हणजे पेशीत गेल्यावर हा आरएनए स्वतःच्या प्रती काढतो आणि थोड्या डोसात काम भागतं. शिवाय आरएनए चरबीच्या थेंबात कोंडलेला नसतो. थेंबाच्या बाहेरच्या अंगाला तो चिकटवलेला असतो. या तंत्राची प्राण्यांवरची पहिली तपासणी सिॲटलच्या शास्त्रज्ञांनी ऑगस्ट २०२० मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात उंदीर होते आणि डुक्करशेपट्या नावाची माकडं होती. मला त्यातले सतरा महिन्यांचे उंदीर महत्त्वाचे वाटतात. उंदराचं आयुष्य दोन-अडीच वर्षांचं, म्हणजे हे म्हातारे झाले. करोनानं मारलं ते प्रामुख्यानं म्हाताऱ्यांना, आणि म्हातारपणी लशी नीट लागू पडत नाहीत. तेव्हा तरण्याताठ्या उंदरांचे आकडे दाखवून थांबणं म्हणजे स्वतःचीच समजूत घालणं झालं असतं.

या लशीला डिसेंबर २०२० मध्ये माणसांवरच्या चाचणीची परवानगी मिळाली. जेमकोव्हॅक या नावानं ती वापरायला परवानगी मिळाली तेव्हा जून २०२२ उजाडला होता आणि जून २०२३ मध्ये ओमायक्रॉनसाठी बदललेली, सुईविना टोचायची आवृत्ती आली. तोवर साथ ओसरली होती आणि लोकांचं लक्ष उडालं होतं. उशीर झाला हे खरंच. तरी एका गोष्टीसाठी ती आपल्याकडच्या माणसानं लक्षात ठेवावी. फायझरच्या लशीला सुरुवातीला उणे सत्तर अंशांची थंडी लागायची. ही कोरडी पूड दोन ते आठ अंशांत टिकते, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या आयएलआर या लशींच्या फ्रीजमध्ये. नांदेडचा मे महिना आणि लातूरचं भारनियमन ज्यानं भोगलंय त्याला या दोन आकड्यांतला फरक समजावून सांगावा लागणार नाही. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेनंही मे २०२२ मध्ये उंदरांवर तपासलेली आपली एमआरएनए लस जाहीर केली होती. नांदेडहून हैदराबाद आजही मुंबईपेक्षा जवळ आहे, आणि जुन्या माणसांच्या मनात तर ती राजधानीच होती.

आता या प्रस्तावनेतला सगळ्यात अवघड भाग. प्राण्यांवरची चाचणी का लागते याचं सर्वांत कडू उदाहरण १९६६ चं आहे. लहान बाळांना छातीचा आजार देणाऱ्या आरएसव्ही या विषाणूची, फॉर्मलिननं मारलेली लस अमेरिकेत बाळांना दिली गेली. पुढच्या साथीत लस घेतलेल्या बाळांना आजार झाला तो जास्तच जोराचा. लागण झालेल्यांपैकी सुमारे ऐंशी टक्के बाळं रुग्णालयात गेली आणि दोन दगावली. लशीनं चुकीच्या तऱ्हेची प्रतिकारशक्ती जागवली होती. हे नेमकं कसं झालं ते पुढे कॉटन रॅट या प्राण्यात पाहून उलगडत गेलं. तेव्हापासून श्वसनाच्या कुठल्याही विषाणूची लस आली की शास्त्रज्ञ प्राण्यात पहिल्यांदा तेच शोधतात: लशीनंतर विषाणू आला तर आजार वाढत तर नाही ना? करोनाच्या लशी तपासताना प्रतिपिंडांच्या आकड्यांइतकीच ही भीती मनात होती. प्राण्यांत तसं दिसलं नाही, माणसांतही दिसलं नाही.

मग हे प्राणी सगळंच सांगतात का? नाही. एमआरएनए लशीनंतर काही तरुण मुलांच्या हृदयाच्या स्नायूला सूज आली, मुख्यतः दुसऱ्या डोसनंतर, लाखांत काहींना. प्राण्यांवरच्या चाचण्यांत ही गोष्ट कळली नव्हती आणि कळणं शक्यही नव्हतं. लाखांत पाचांना होणारी गोष्ट चोवीस माकडांत शोधणं म्हणजे एका पोत्यातली मूठभर तूर पाहून तालुक्याच्या पिकाचा अंदाज करण्यासारखं आहे. आरएसव्हीवरची मॉडर्नाची एमआरएनए लस मे २०२४ मध्ये अमेरिकेत वृद्धांसाठी मंजूर झाली. बाळांवरची चाचणी मात्र त्याच वर्षी थांबवावी लागली, कारण लस दिलेल्या बाळांत तीव्र आजार जास्त दिसला. प्राण्यांत तपासूनही हे घडलं. उंदीर पास झाला म्हणून लस चांगली असं म्हणता येत नाही. उंदीर नापास झाला तर पुढे जायचं नाही, एवढंच. नापासांना थांबवण्यासाठी मात्र दुसरा तितका खात्रीचा दरवाजा आज तरी माझ्या पाहण्यात नाही.

माझं मत इथेच सांगतो. मी या चाचण्यांच्या विरोधात नाही. मराठवाड्यातला शेतकरी नागाच्या दंशातून वाचतो तो घोड्याच्या रक्तातून काढलेल्या प्रतिविषामुळे; मुंबईच्या हाफकिन संस्थेत ते काम पिढ्यान्‌पिढ्या चाललं. खुद्द हाफकिन यांनी प्लेगची लस आधी सशांवर तपासली आणि १० जानेवारी १८९७ ला मुंबईत स्वतःला टोचून घेतली. असा धीर आता क्वचितच दिसतो. पण चाचण्यांचा समर्थक म्हणूनच मला हिशेब हवा. किती प्राणी, कोणते, आणि कशासाठी. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे, १९९८ चे नियम आहेत, प्रत्येक संस्थेत प्राणी नीतिमत्ता समिती असावी लागते. एकही उंदीर तिच्या परवानगीशिवाय वापरता येत नाही. कमीत कमी प्राणी, कमीत कमी वेदना आणि जमेल तिथे प्राण्याऐवजी दुसरी पद्धत हे तत्त्व रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलं. २०२३ मध्ये भारतानं औषध चाचण्यांच्या नियमांत बदल करून माणसाच्या पेशींपासून बनवलेल्या नमुन्यांवरच्या तपासणीलाही जागा दिली. ही चांगली सुरुवात आहे. पण लस टोचल्यावर अख्ख्या शरीरात काय होतं हे काचेच्या तुकड्यावरच्या पेशी अजून सांगू शकत नाहीत, आणि 'प्राणी आता लागतच नाहीत' असं सांगणाऱ्या लेखांवर माझा विश्वास नाही.

हे लिहिताना माझ्याच वर्गातल्या विच्छेदनाच्या ट्रेमधले बेडूक आठवतात. पावसाळा लागला की आम्ही पोरांना बेडूक आणायला पाठवायचो. वर्गात पन्नास मुलं असली तर पन्नास बेडूक, आणि त्यातल्या चाळीस मुलांना हृदयाचे कप्पे न पाहता फक्त आकृती काढायची असायची. विद्यापीठ अनुदान आयोगानं पुढे हे विच्छेदन बंद करायला सांगितलं तेव्हा आमच्यापैकी कित्येकांनी कुरकुर केली, मीही केली. आज वाटतं, त्या बेडकांनी कुणाचाच जीव वाचवला नाही. नागपूरच्या माकडांशी त्यांची तुलना करवत नाही.

पुस्तकातली प्रकरणं प्राण्यांच्या नावांनी लावली आहेत: उंदीर, रॅट, हॅम्स्टर, फेरेट, माकड. प्रत्येक प्रकरणात प्राण्यांची संख्या आणि त्यांचा शेवट दिला आहे, निदान जिथे मूळ अभ्यासात तो छापलेला आहे तिथे. 'नीट' परीक्षेच्या तयारीतल्या मुलांना यातून गुण मिळणार नाहीत, हे पालकांना आधीच सांगून ठेवतो. बर्ड फ्लूचं प्रकरण मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण ते अजून संपलेलं नाही. अमेरिकेच्या सरकारनं मॉडर्नाला एच५ फ्लूच्या एमआरएनए लशीसाठी दिलेला निधी मे २०२५ मध्ये काढून घेतला. उदगीरचे कावळे त्याच वर्षाच्या जानेवारीत मेले होते.

एक विनंती. शेतात, गच्चीवर, झाडाखाली कावळा किंवा कोंबडी कारण नसताना मेलेली दिसली तर हातानं उचलू नका, पोरांना उचलू देऊ नका, कुत्र्यासमोर टाकू नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याच दिवशी कळवा.